एकवीसची मेख
व्हाइटफील्डच्या आयटी कंपन्यांतली मराठी पोरं जोडून सुट्टी आली की गोवा गाठतात. कर्नाटकात कॅसिनोला परवानगी नाही; गोव्यात १९९६च्या कायदादुरुस्तीने जहाजांवर पत्त्यांच्या टेबलांना मुभा मिळाली.

त्यातला ब्लॅकजॅक दिसायला सोपा. पानांची बेरीज २१च्या जवळ न्यायची. चित्राचं पान १०चं, एक्का १ किंवा ११चा. २१ ओलांडले की बाद! डीलरला १७ होईपर्यंत पान घ्यावंच लागतं.

मग कॅसिनो कमावतो कसा? मेख अशी, की पान आधी खेळाडू मागतो. तो बाद झाला की पैसे गेले. मागाहून डीलरही बाद झाला, तरी परत मिळत नाहीत.

म्हणून किती हरायचं ते व्हाइटफील्डमध्येच ठरवावं आणि जहाजावर चढताना तेवढीच रोकड खिशात असावी!