समुद्रतळी उतरण्यापूर्वी

सावद्याहून समुद्र तीनशे किलोमीटरांहूनही दूर. आपली तापी सुरतेपाशी त्यास जाऊन मिळते, इतकाच काय तो आपला त्याच्याशी संबंध. तरी हल्ली येथील कित्येक कुटुंबे सुटीत मालवण-तारकर्लीस जातात आणि पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून पाण्याखाली उतरलेल्या मुलामुलींची छायाचित्रे घेऊन परततात. या हौसेस आम्ही नावे ठेवीत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांतील प्रवाळ व रंगीबेरंगी मासे अवश्य पाहावेत. १९८७ साली तो भाग सागरी अभयारण्य ठरला, तो काही उगाच नव्हे. परंतु त्या छायाचित्रातील मुलाने ‘बुडी मारली’ असे म्हणणे म्हणजे पालखीत बसून वारी केली म्हणण्यासारखे आहे. होडी दुसऱ्याने हाकली, साज दुसऱ्याने चढविला, हवा किती उरली तेही दुसऱ्यानेच पाहिले!

याच्या अगदी उलट रीत अमेरिकेच्या कॅलिफोर्निया किनाऱ्यावर आढळते. तेथे कित्येक पाणबुडे कयाक नामक अरुंद होडी स्वतः वल्हवीत समुद्रात जातात. कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील लोकांची, सीलच्या कातड्याने मढविलेली होडी, आताची प्लास्टिकची. सिलिंडर मागील खोलगट जागेत बांधावयाचे. इष्ट स्थळी नांगर टाकून, हवा भरलेले जाकीट सिलिंडरासह दोरीने बांधून पाण्यात सोडावयाचे, मागोमाग आपण उतरावयाचे आणि तरंगत तरंगतच ते अंगावर चढवावयाचे. कारण एवढे ओझे पाठीवर घेऊन त्या होडीत उभे राहू गेल्यास ती तत्काळ कलंडते. परत चढताना आधी शिशाचा पट्टा, मग सिलिंडर, आणि शेवटी पाय झाडीत पोटावर आडवे होऊन आपण. वारा व प्रवाह आगाऊ पाहावे लागतात, येताना ते अनुकूल असावेत म्हणून. दमलेल्या हातांनी प्रवाहाविरुद्ध वल्हविण्याची पाळी येऊ नये. शिवाय सोबती हवाच.

आणि खाली शास्त्र आहे. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तेथे छातीभर घेतलेली हवा वर येता येता दुप्पट फुगते. म्हणून वर येताना श्वास कोंडला तर फुप्फुस फाटते. कुस्तो व गान्यां यांनी १९४३ मध्ये सिद्ध केलेल्या यंत्राने माणसास पाण्यात श्वास घेता आला, पण हा नियम काही त्यामुळे बदलला नाही.

आमच्या मुलांनी उद्याच कयाक घेऊन समुद्रात जावे, असे आम्ही सुचवीत नाही. आमचा रोख पोहण्याकडे आहे. मागील पिढी पाठीस सुका भोपळा बांधून विहिरीत पोहावयास शिकली. आता त्या विहिरी आटल्या, केळीला पाणी कूपनलिकेचे, आणि मुले पाण्यास पारखी झाली. मुलींस तर विहिरीच्या काळीही क्वचितच कोणी शिकविले. ‘आम्ही मुलांना नदीकडे फिरकू देत नाही,’ असे पालक अभिमानाने सांगतात. तथापि उन्हाळ्यात घरी न सांगता डोहावर जातात ती हीच मुले, आणि बुडाल्याच्या वार्ता येतात त्याही त्यांच्याच. मनाईने तरंगता येत नाही. धोका तळाशीच असतो असेही नव्हे: २४ मे २०२२ रोजी तारकर्लीस पर्यटकांची होडी उलटून दोघांचे प्राण गेले.

तेव्हा मालवणचा बेत ठरविण्याअगोदर, आधाराविना दहा मिनिटे तरंगता येते काय, हे मुलास व मुलीसही विचारावे. उत्तर नकारार्थी आल्यास जळगावास पोहण्याचे तलाव आहेत. पावसाळ्यात मालवणच्या बुड्या बंदच असतात आणि पाणी त्यानंतरच निवळते. शिकावयास तेवढा अवधी पुरेसा आहे.