मळसूत्राचा तास

आपल्या निवासी शाळेच्या मागच्या बाजूस, जेथे पूर्वी जळाऊ लाकूड रचले जाई त्या खोलीत, आठवी-नववीची मुले-मुली खोदाई यंत्राची एक प्रतिकृती बांधत आहेत. सारेजण तिला ‘जेसीबी’ म्हणतात. वस्तुतः ते पट्ट्यांवर चालणारे एक्स्कॅव्हेटर आहे. प्रमाण १:१४, चालना रेडिओवरून. जर्मनी, जपानसारख्या देशांत प्रौढ माणसे हा छंद म्हणून जोपासतात आणि त्यावर बराच पैसा खर्च करतात. आपल्याकडे तो भंगारातल्या पत्र्यावर चालला आहे.

गेल्या पालकसभेत एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी यावर आक्षेप घेतला. “आमच्या बापजाद्यांनी माती उपसली, आम्ही उपसली. आता पोरांनीही माती उपसण्याचाच खेळ खेळायचा का? त्यांना स्पर्धा परीक्षेची पुस्तके द्या.” सभेत टाळ्या पडल्या. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. त्यामागे तीन पिढ्यांची पाठ मोडलेली आहे. तरीही आमचे मत वेगळे आहे आणि ते या स्मरणिकेत नोंदवणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रथम त्या खोलीत काय चालते ते सांगतो. खऱ्या यंत्राचा बूम तेलाच्या दाबाने उचलला जातो. प्रतिकृतीत तेवढी छोटी हायड्रॉलिक व्यवस्था महाग पडते आणि गळते. म्हणून मुलांनी मोटार आणि मळसूत्र यांचा दट्ट्या बनवायला घेतला. गिअर लावलेली छोटी मोटार आटे पाडलेला दांडा फिरवते. दांड्यावरील पितळी नटाला फिरण्यास वाव नसल्याने तो सरळ पुढे सरकतो आणि नळीला ढकलतो. कल्पना सोपी आहे, हिशेब सोपा नाही. पहिला दांडा साधा ५ मिलिमीटरचा होता. एका फेऱ्यात नट ०.८ मिलिमीटर सरके. मोटार मिनिटाला १०० फेरे घेणारी. म्हणजे ६० मिलिमीटरचा पल्ला गाठायला ४५ सेकंद. बूम वर जाईपर्यंत मुलांना जांभया येत.

मग कोणीतरी थ्री-डी प्रिंटरमध्ये वापरतात तो ८ मिलिमीटर व्यासाचा दांडा आणला, एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकणारा. आता तोच पल्ला साडेचार सेकंदांत. जल्लोष झाला. त्या दिवशी एका विद्यार्थिनीचे वडील भेटीस आले होते. ते रस्त्याच्या कामावर खरेखुरे यंत्र चालवतात. त्यांनी बकेटमध्ये मूठभर खडी टाकली आणि मुलीला मोटार बंद करायला सांगितले. बूम हळूहळू खाली उतरू लागला. ते एवढेच म्हणाले, “लिव्हर सोडला की हात जागेवर थांबला पाहिजे. खाली माणूस असतो.”

आमच्या मते वर्षभरातला सर्वांत मोलाचा तास तो होता. आट्यांचा चढ तीव्र असेल तर वरचा भार दांड्यालाच उलट फिरवतो. चढ मंद असेल तर घर्षण त्याला धरून ठेवते. अखेर मुलांनी एका फेऱ्यात २ मिलिमीटर सरकणारा दांडा आणि ३०० फेऱ्यांची मोटार निवडली. सहा सेकंद लागतात, पण बूम थांबतो. त्यापूर्वी एक मोटार जळाली होती, कारण नट टोकाला अडकला तरी वीज चालूच राहिली. आता दोन्ही टोकांना छोटे स्विच आहेत आणि प्रत्येकाला समांतर एक डायोड, म्हणजे पुढची वाट बंद झाली तरी परतीची उघडी राहते. ही जोडणी नववीतल्या ज्या मुलीने केली, ती गणितात तोवर काठावर उत्तीर्ण होत असे.

इतिहास हा आमचा विषय, म्हणून थोडे विषयांतर. १७९५ मध्ये लंडनच्या जोसेफ ब्रामा याने पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचे पेटंट घेतले. प्रेस गळत असे. ती गळती थांबवणारी चामड्याची वाटी सुचवण्याचे श्रेय सामान्यतः त्याच्या कारखान्यातील हेन्री मॉडस्ली या कारागिराला दिले जाते. हा मॉडस्ली बाराव्या वर्षी शस्त्रागारात काडतुसे भरत होता. पगारवाढ नाकारली गेली तेव्हा त्याने ब्रामाला सोडले, स्वतःचा कारखाना काढला आणि १८०० च्या सुमारास अचूक आटे पाडणारा लेथ घडवला. तेलाचा दट्ट्या आणि मळसूत्राचा दट्ट्या, दोन्हींच्या वाटेवर हा एकच माणूस उभा आहे.

चामडे जाणणारे हात आपल्या देशात कमी नव्हते. मोट, नाडा, पखाल हे सारे त्यांनीच घडवले. पण त्या हातांना वेशीबाहेर ठेवले गेले आणि अक्षर दुसऱ्यांच्या घरी राहिले. चामडे, आकडे आणि आराखडा एका माणसापाशी येऊच दिले नाहीत. जातीने श्रम करणाऱ्यांचीच कशी वाटणी केली हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडले. १९४२ ते १९४६ या काळात ते मजूरमंत्री असताना तांत्रिक प्रशिक्षण, वीज आणि जलप्रकल्प हे विषय त्यांच्या खात्याकडे होते. आपण दरवर्षी त्यांच्या पदव्यांची यादी वाचतो. त्यांच्या कारकिर्दीतले हे पान मात्र फारसे उघडत नाही.

म्हणून त्या वडीलधाऱ्यांना आम्ही आदरपूर्वक सांगू इच्छितो की, फावडे मारणे आणि फावड्याचा वेग ठरवणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे काम आपल्याला कधी मिळाले नाही. स्पर्धा परीक्षेची पुस्तके ग्रंथालयात आहेत, ती राहतीलच. आमची मागणी आठवड्याला दोन तासिकांची आहे, वेळापत्रकात छापलेल्या, कोणत्याही कार्यक्रमाच्या तयारीसाठी न कापल्या जाणाऱ्या. आणि एक विनंती: विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या रात्री बाजारातून तयार प्रतिकृती आणून तिच्यावर पाल्याचे नाव चिकटवू नये. त्यापेक्षा जळालेली मोटार बरी.

माजी विद्यार्थी मायेने देणग्या पाठवतात, त्याबद्दल संस्था कृतज्ञ आहे. तूर्त आम्हांस पैशापेक्षा एक माणूस हवा आहे. पितळी नटाचे आटे वर्षभरात झिजले आहेत आणि बकेटचा दट्ट्या अद्याप व्हायचा आहे. आयटीआय करून लेथवर बसलेले आपले अनेकजण आसपासच्या औद्योगिक वसाहतींत आहेत. त्यांपैकी कोणी एखाद्या रविवारी आले, तर मोजमापांची वही मुलांनी तयार ठेवली आहे.