दत्तकाची फाईल आणि डॉक्टरची सही

परदेशी राहणाऱ्या मुलाने व सुनेने इथले मूल दत्तक घ्यायचे ठरवले, की कागदांचा पहिला लोंढा येतो तो इथल्या म्हाताऱ्या आई-वडिलांच्या दारी. नगरपालिकेतून विवाह नोंदणीचा दाखला काढा, जन्मदाखल्यावर नावच नाही ते चढवून घ्या, शाळेच्या दाखल्यावर 'दत्तात्रय' आणि पासपोर्टवर 'दत्ता' हा घोळ निस्तरा. मग कोणीतरी सांगतो की डॉक्टरांचेही लागेल. वडील माझ्या दवाखान्यात नंबर लावून बसतात. "डॉक्टर, त्याला लहानपणापासून तुम्हीच पाहिलंय. तब्येत ठणठणीत आहे, एवढं लिहून द्या."

एवढे मी लिहून देत नाही. मुलगा समोर नसताना त्याच्या आजच्या प्रकृतीबद्दल काय लिहिणार? मात्र त्याला कॉलेजात असताना क्षय झाला होता, उपचार पूर्ण घेतले आणि तो बरा झाला, हे मी तारखांसह जरूर लिहून देतो. नेमके तेच घरच्यांना नको असते. मधुमेह, थायरॉईड, जुने ऑपरेशन हे सारे लपवायचे असते. वाचकहो, २०२२ च्या दत्तक नियमांनुसार पालक शारीरिक, मानसिक, भावनिक आणि आर्थिकदृष्ट्या सक्षम हवेत, जिवाला धोका असणारा आजार नको. आटोक्यातल्या मधुमेहासाठी कोणी दार लावत नाही. पण लपवलेला आजार तिकडच्या तपासणीत निघाला, तर साऱ्या फाईलवरचाच विश्वास उडतो.

"एवढे कागद कशाला?" हा प्रश्न आजोबा हमखास विचारतात. पूर्वी परदेशी जोडपी १८९० च्या पालकत्व कायद्याखाली केवळ 'पालक' म्हणून मूल न्यायची आणि दत्तकविधान तिकडे जाऊन करायची. त्यातले गैरप्रकार लक्ष्मीकांत पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे नेले आणि १९८४ साली न्यायालयाने नियम घालून दिले. पुढे १९९३ चा हेग करार झाला, भारताने तो २००३ मध्ये मान्य केला. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. मूल स्वखुशीने सोपवणाऱ्या आईला फेरविचारासाठी साठ दिवस मिळतात. टाकून दिलेल्या मुलाच्या आई-बापांचा शोध घेतला जातो आणि मगच बालकल्याण समिती ते मूल दत्तकासाठी मोकळे झाल्याचे जाहीर करते. हा वेळ वाया जात नाही. मूल खरोखर सोडलेले आहे की कोणाच्या कुशीतून काढून घेतलेले, हे त्या वेळातच कळते. माझा राग आहे तो त्यानंतर टेबलावर पडून राहणाऱ्या फाईलवर. सहा महिन्यांच्या बाळाला सहा महिने म्हणजे अख्खे आयुष्य, हे कारकुनाला कोण सांगणार?

मूल सुचवले गेले की त्याचा वैद्यकीय तपासणी अहवाल पालकांना मिळतो. होकार देण्याआधी तो आपल्या पसंतीच्या डॉक्टरला दाखवण्याची मुभा नियमांतच आहे. ती जरूर वापरा. बहुतेक लोक वजन आणि रंग पाहतात! मी आधी डोक्याचा घेर पाहतो, तोही एकदाचा नव्हे, दर महिन्याचा. एकच आकडा फारसे सांगत नाही, वाढीची रेघ पुष्कळ सांगते. जन्माचे वजन, बाळ किती आठवड्यांचे होते, ऐकू येण्याची तपासणी, हिपॅटायटिस बी आणि सिकल सेल यांचे निकाल पाहावेत. एचआयव्हीची अँटिबॉडी चाचणी सदोष आली म्हणून घाबरू नका. दीड वर्षापर्यंत ती अँटिबॉडी आईकडून आलेली असू शकते, विषाणूची थेट चाचणी वेगळी असते.

आमच्या व्यवसायबंधूंनाही एक सांगणे आहे. मुलाला कोणी घर द्यावे म्हणून दयेपोटी सर्व रकान्यांत 'नॉर्मल' लिहू नका. हृदयाला छिद्र आहे हे ठाऊक असूनही मूल स्वीकारणारी कुटुंबे असतात. विमानातून उतरल्यावर ते कळले, तर हाल मुलाचेच होतात.

आणि हो, आजी-आजोबांचे रक्तदाब या काळात वाढलेले मी पाहतो. रात्री दोन वाजता तिकडून फोन येतो, मग झोप कुठली? एकाच माणसाने फाईल सांभाळावी, फोनची वेळ ठरवून घ्यावी, गोळी चुकवू नये.

मूल तिकडे पोहोचल्यावरही दोन वर्षे अहवाल जातात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. निघताना संस्थेकडून लसीकरणाचे मूळ कार्ड मागून घ्या, झेरॉक्स नव्हे. आपल्याकडे बीसीजी जन्मतःच टोचतात. अमेरिकेत ती सर्रास देत नाहीत. तिकडे क्षयाची त्वचाचाचणी केली आणि हात सुजला, तर दंडावरचा व्रण कशाचा आणि लस कोणत्या तारखेची, हे त्या डॉक्टरला सांगणारा दुसरा कागद मुलाजवळ नसतो.