अनुक्रमणिका नसलेला दिवाळी अंक

एआयने काढलेल्या चित्रांचं प्रदर्शन म्हटलं की दोन गट पडतात. हे आता ठरूनच गेलंय. एक गट नाक मुरडतो, "यंत्राने काढलंय, ही कसली कला?" दुसरा गट खांदे उडवतो, "कॅमेरा आला तेव्हाही लोक असंच ओरडले होते. तुम्ही जुनाट आहात."

मला विचाराल तर दोघांचंही चुकतंय. आणि दोघांची चूक समजून घ्यायला कुठे पॅरिसला जायला नको, आपलं गिरगाव पुरेसं आहे.

१८९४ साली राजा रविवर्म्याने गिरगावात छापखाना काढला. जर्मनीहून यंत्रं आली, तंत्रज्ञ आले. प्रत्येक रंगाचा वेगळा दगड, एकावर एक छपाई, आणि शेवटी तैलचित्रासारखी चकाकी. राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती त्या छापखान्यामुळे चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत येऊन बसल्या. तुमच्या-माझ्या पणजीने ज्या चित्राला हळदकुंकू वाहिलं ते यंत्रातून निघालेलं होतं हो! तिला काही ते खोटं वाटलं नाही. पुढे १९१३ मध्ये त्याच गिरगावात, कोरोनेशनमध्ये, फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. तोही यंत्राचाच खेळ. तेव्हा 'यंत्र आलं की कला गेली' हे निदान गिरगावकराने तरी म्हणू नये. पहिला गट इथे निकालात निघाला.

आता दुसरा गट. तो लगेच टाळी मागायला हात पुढे करणार, "म्हणजे एआय हा पुढचा छापखानाच की!"

थांबा जरा.

रविवर्मा प्रेसच्या चित्राखाली चित्र कुणाचं आणि छापखाना कुठला, हे कळत होतं. दगडावर रेषा उतरवणाऱ्या कारागिरांची नावं नव्हती, हा अन्याय होताच. पण मूळ चित्र कुणाचं यात गोंधळ नव्हता. एआयचं काय आहे? 'स्टेबल डिफ्यूजन' नावाचं जे यंत्र २०२२ मध्ये सगळ्यांच्या हाती आलं, ते ज्या साठ्यातून शिकलं त्या 'लायन-५बी'मध्ये जवळजवळ ५८५ कोटी चित्रांचे दुवे आणि त्यांची वर्णनं आहेत. इंटरनेटवरून उचललेली. विचारलं कुणालाच नाही. आपण ब्लॉगवाल्यांनी हौसेने चढवलेले कोकणातले फोटो, आजोबांच्या माळ्यावर सापडलेल्या दिवाळी अंकांची स्कॅन केलेली मुखपृष्ठं... त्यातलं काय काय तिथे पोचलंय कुणी सांगावं?

जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सारा अँडरसन, केली मॅककर्नन आणि कार्ला ऑर्टिझ हे तीन चित्रकार ह्याच मुद्द्यावर कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं 'यंत्र वाईट' असं नाहीच. त्यांचं म्हणणं एवढंच, की आमच्या कामावर हे यंत्र पोसलंत, आणि आम्हालाच विचारलं नाहीत.

यावर एक उत्तर नेहमी येतं. "अहो, पण मेहनत केवढी असते! शंभर वेळा सूचना बदलाव्या लागतात." असते ना. जेसन ॲलन नावाच्या गृहस्थाने २०२२ मध्ये कोलोरॅडोच्या जत्रेत असल्याच चित्राला पहिलं बक्षीस मिळवलं. त्याच्या सांगण्याप्रमाणे त्याने किमान ६२४ वेळा सूचना बदलल्या होत्या. तरी २०२३ मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने नोंदणी नाकारली ती नाकारलीच. मला ते पटतं. हॉटेलात वेटरला ६२४ वेळा परत पाठवून मनासारखं थालीपीठ करून घेतलं, तरी ते आपण थापलं असं होत नाही. तुमची चव चोखंदळ आहे हे सिद्ध झालं, बस्स.

पण चोखंदळ असणं ही लहान गोष्ट आहे का? अजिबात नाही. आपल्याकडे त्याला मानाचं नाव आहे... संपादक! चांगल्या दिवाळी अंकाचा संपादक त्यातली एकही कथा लिहीत नाही. शेकडो हस्तलिखितांतून पंधरा निवडतो, क्रम लावतो, आणि त्याच्या नावावर अंक खपतो. त्याबद्दल कुणाची तक्रार नसते, कारण अंक उघडला की पहिल्या काही पानांत अनुक्रमणिका असते. कथा कुणाची, कविता कुणाची, मुखपृष्ठ कुणाचं. दीनानाथ दलालांचा 'दीपावली' किंवा मुळगावकरांची 'रत्नप्रभा' घरात आली की आधी चित्रकाराचं नाव उच्चारलं जायचं, मग लेखकांची.

एआयच्या प्रिंटांचं प्रदर्शन म्हणजे अनुक्रमणिका नसलेला दिवाळी अंक. माझा सगळा राग आहे तो ह्यावर.

पुरावा हवा? ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्तीजच्या लिलावात एक धुरकट चेहऱ्याचं चित्र ४,३२,५०० डॉलरला गेलं. 'एडमंड द बेलामी'. पॅरिसच्या 'ऑब्व्हियस' नावाच्या त्रिकुटाने ते विकायला ठेवलं होतं. खाली सहीच्या जागी चक्क गणिताचं सूत्र. म्हणजे जणू सही यंत्राची! आणि ज्याने फुकट वाटलेली प्रोग्रॅमची सामग्री वापरून ते तयार झालं तो रॉबी बॅरट १९ वर्षांचा पोरगा होता. लिलावाच्या पैशातली दमडीही त्याला मिळाली नाही. सूत्राची सही मोठी कल्पक, पण नेमकं तिथेच एका जिवंत मुलाचं नाव गायब झालं.

ह्याच्या उलट उदाहरणही आहे, तेही आपल्या देशातलं आणि त्याच वर्षीचं. २०१८ मध्ये दिल्लीच्या नेचर मोर्ट गॅलरीत 'ग्रेडियंट डिसेंट' हे एआय कलेचं प्रदर्शन झालं. त्यात हर्षित अग्रवालने शस्त्रक्रियांची दृश्यं यंत्राला शिकवून रक्तामांसाची, स्वप्नात दचकवतील अशी चित्रं काढून घेतली आणि रेम्ब्रांटच्या शवविच्छेदनाच्या चित्राची आठवण देणारं नाव त्यांना दिलं. यंत्राला काय खायला घातलं हे तिथे लपवलेलं नव्हतं, उलट तोच त्या कामाचा विषय होता. ह्याला मी बिनदिक्कत कलाकार म्हणेन.

बाकीच्यांचा आवडता शब्द म्हणजे 'सर्रिअल'. गिरणीच्या चिमणीतून निघणारे मासे, परळच्या पुलावर वितळणारी घड्याळं, लालबागच्या आकाशात तरंगणारे हत्ती. दिसतं झकास. पण १९२४ मध्ये आंद्रे ब्रेतोंने जाहीरनामा लिहिला तेव्हा मुद्दा 'विचित्र दिसणं' हा नव्हता. मुद्दा होता माणसाच्या आत दडलेलं काहीतरी बाहेर येण्याचा. योगायोगाला त्यांनीही कामाला लावलं होतं. माक्स अर्न्स्ट खडबडीत फळीवर कागद ठेवून पेन्सिल घासायचा आणि उमटेल त्यात आकार शोधायचा. पण स्वप्न पडायला झोपलेलं माणूस लागतं. चिमणीतले मासे कुणाच्या झोपेतले? गिरणी १९८२ च्या संपानंतर बंद झाली आणि ज्याचा बाप घरी बसला, त्या पोराच्या स्वप्नात चिमणी आली तर ती मला बघायचीय. यंत्राला 'चिमणी' आणि 'मासा' ह्या दोन शब्दांची गाठ मारायला सांगितली, तर ती गाठ सुबक असेल, पण स्वप्न नाही.

आपल्या कायद्यात १९९४ पासून एक वाक्य आहे, की संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवून घेणारी व्यक्ती. ते लिहिलं तेव्हा आजचा एआय कुणाच्या डोळ्यांसमोर असणार? डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाने एक मसुदा चर्चेला ठेवला. एआय कंपन्यांना साहित्य वापरू द्यावं, पण बदल्यात सक्तीने रॉयल्टी घ्यावी, असा त्याचा रोख. दिशा बरी आहे. पण ती रॉयल्टी डोंबिवलीत बसून दिवाळी अंकांसाठी रेखाटनं करणाऱ्यापर्यंत पोचेल का? फ्लेक्स आला तेव्हा हाताने बॅनर रंगवणाऱ्यांचं काय झालं ते परळ-लालबागने पाहिलंय. तेव्हा निदान त्यांच्या ब्रशचे फटकारे चोरून फ्लेक्स छापला गेला नव्हता.

म्हणून माझी मागणी प्रदर्शन बंद पाडण्याची नाही. खुशाल भरवा. फक्त चित्राशेजारच्या पाटीवर चार ओळी जास्त लिहा. कुठलं यंत्र वापरलं. त्याला तुम्ही स्वतःचं काय शिकवलं, की काहीच नाही. सूचनेत कुठल्या चित्रकाराचं नाव घातलं होतं. आणि तो हयात असेल तर त्याला विचारलं होतं का. 'मर्यादित प्रत, दहापैकी तीन' एवढं लिहायला जागा असते, तर ह्यालाही असेल की.

आणि आपण काय करायचं? गॅलरीत गेलात तर दबकू नका, हे चार प्रश्न सरळ विचारा. दिवाळी अंक विकत घ्याल तेव्हा मुखपृष्ठ कुणाचं हे आत शोधा, नाव नसेल तर संपादकांना पत्र टाका. आमच्या नातेवाईक मंडळींनाही सांगणं आहे, गणेशोत्सवात एआयचा गणपती पाठवायचा तर पाठवा, बाप्पा रागावणार नाही. पण खाली 'माझी कलाकृती' असं लिहू नका. फार तर 'माझी निवड' लिहा.