आईंची वही आणि अनुक्रमणिका



दशलक्षण पर्व संपलं त्या रात्री साडेनऊला पुण्याहून फोन आला. माझ्या पुतण्याची बायको. आवाजात रडू. "काकू, उद्या सकाळी आईंचं दहा उपवासांचं पारणं आहे. आधी काय द्यायचं, किती द्यायचं, आजींच्या वहीत होतं ना? फाईल उघडून बसलेय अर्धा तास. अनुक्रमणिकेत पान एकतीस लिहिलंय, पण मोबाइलवर पान एकतीस आहे कुठे?"

मी फोनवरच सांगितलं तिला. आधी मुगाचं पाणी, थोडं थोडं, मग थांबून हलकं काही. प्रश्न सुटला. पण मला रात्रभर झोप नाही. कारण ती फाईल मीच केली होती.

सासूबाई गेल्यावर त्यांची वही आम्ही टाइप करून घेतली. पंचेचाळीस वर्षांची वही. पिठाची मर्यादा, पाणी गाळण्याची रीत, सोळ्याचा स्वयंपाक, पारणं, सुतक, चातुर्मासातली भाजी, बाळंतिणीचा आहार, सगळं त्यात. छान नव्वद पानं झाली. पुढे अनुक्रमणिका घातली, समोर पान क्रमांक टाकले, कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवली आणि कर्तव्य झालं म्हणून मोकळी झाले. सगळ्यांनी हात जोडलेले पाठवले. वाचली कोणी? कोणीच नाही. वाचता येईल अशी मी दिलीच नव्हती.

आईंना अनुक्रमणिका लागत नसे. तेलाचा डाग पडलेलं पान म्हणजे पारणं, दुमडलेला कोपरा म्हणजे सुतक. त्यांच्या बोटांना वही पाठ होती. आपल्या सुना-लेकींच्या हातात ती वही नाही, मोबाइल आहे. त्यात डाग नाही, कोपरा नाही, आणि अक्षर मोठं केलं की पानाचा हिशेबही राहत नाही. छापील पुस्तकाची अनुक्रमणिका तिथे जशीच्या तशी उचलून ठेवली की ती नुसती शोभेची होते.

माझं मत स्पष्ट आहे. लांब लिखाण दुसऱ्याच्या हाती द्यायचं तर अनुक्रमणिका हवीच, आणि ती वाचणारीच्या हातातल्या वस्तूला जुळणारी हवी. मोबाइलवर पान क्रमांक नको, बोट लावलं की त्या जागी नेणारी ओळ हवी.

काही जणी म्हणतील, आयतं सापडलं की संपूर्ण कोण वाचणार? मलाही आधी तसंच वाटायचं. पण आपलं तत्त्वार्थसूत्रच बघा. पहिल्या अध्यायाच्या सुरुवातीलाच सात तत्त्वांची नावं क्रमाने येतात, आणि पुढचा ग्रंथ त्याच क्रमाने चालतो. चौथ्या अध्यायापर्यंत जीव, पाचव्यात अजीव, सहाव्या-सातव्यात आस्रव, आठव्यात बंध, नवव्यात संवर आणि निर्जरा, दहाव्यात मोक्ष. आधी वाट दाखवली आहे, मग चालायला सांगितलं आहे. वाट दिसली म्हणून स्वाध्याय कोणी सोडला नाही.

तिकडे रोममध्ये प्लिनी नावाच्या लेखकाने इ.स. 77 च्या सुमारास 37 भागांचा मोठा ज्ञानग्रंथ लिहिला. त्याचा जवळजवळ सगळा पहिला भाग म्हणजे विषयांची यादी. पुढे सम्राट झालेल्या टायटसला ग्रंथ अर्पण करताना त्याने कारणही दिलं: कामाच्या माणसाला सगळं वाचावं लागू नये, हवं ते शोधता यावं. राजाच्या वेळेची काळजी त्याने केली. आपण सुनेच्या वेळेची करायला काय हरकत आहे? तिची पण नोकरी, मुलं, डबे आहेतच की.

मग मी फाईल पुन्हा घेऊन बसले. भाचीने शिकवलं. मी शीर्षकं नुसती ठळक केली होती. ठळक अक्षर डोळ्यांना शीर्षक दिसतं, यंत्राला नाही. गूगल डॉक्समध्ये ओळ निवडून तिला 'हेडिंग' ही शैली द्यावी लागते. मोठ्या विषयाला हेडिंग 1, पोटविषयाला हेडिंग 2. मग 'इन्सर्ट'मधून अनुक्रमणिका घालायची, आणि पान क्रमांकांचा नाही तर लिंकचा प्रकार निवडायचा. नंतर मजकुरात भर घातली की अनुक्रमणिका ताजी करायला विसरायचं नाही. एवढंच. पापड लाटण्याहून सोपं.

अवघड काम वेगळंच निघालं. माझी शीर्षकं होती 'आहारशुद्धी', 'जलविचार', 'किरकोळ'. घाईतली मुलगी 'आहारशुद्धी' शोधते का? ती शोधते, पीठ किती दिवस चालतं. म्हणून आता तसंच लिहिलं आहे: 'पीठ किती दिवस चालतं'. खाली उत्तर: पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. 'किरकोळ' तर काढूनच टाकलं. किरकोळ म्हणजे शिस्त न लावलेलं कपाट.

ओळी आखूड ठेवल्या, मोबाइलवर एका ओळीत मावतील इतक्या. आधी अनुक्रमणिकाच पाच वेळा सरकवावी लागत होती, आता दोनदा सरकवली की संपते. आणि प्रत्येक विषयाच्या शेवटी 'वर चला' अशी लिंक ठेवली, म्हणजे आत गेलेली बाहेर येऊ शकेल.

हे करता करता एक गोष्ट मनाला लागली. आपण ज्ञान पुढच्या पिढीला दिलं असं म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा नुसतं त्यांच्या अंगावर टाकलेलं असतं. मग त्या विचारत नाहीत म्हणून आपणच रुसतो. सापडेल असं ठेवणं हेही देण्यातच येतं.

परवा पुण्याहून मेसेज आला. "काकू, सुतकाचं बघायचं होतं. लगेच मिळालं. आणि शोधता शोधता आजींचा बाळंतिणीच्या लाडवाचा भाग पण वाचला."

तुमच्याही घरी अशी एखादी वही असेल. तिला वाट करून द्या. आणि एकदा स्वतःच्या मोबाइलवर उघडून बघा, चष्मा न लावता.