काय काढलंत, ते सांगा!

फायनल इयरच्या प्रोजेक्टचा विषय निघाला की कट्ट्यावर दोन प्रकारची मंडळी सापडतात. पहिली म्हणते, 'रेडिमेड मिळतो रे, कशाला डोकं लावतोस?' दुसरी कामाला लागते खरी, पण एकाच प्रोजेक्टमध्ये सगळं कोंबते. सेन्सर हवा, ॲप हवं, एआय तर हवंच हवं! दोस्तहो, आज या दोघांनाही एका गाडीची गोष्ट सांगायची आहे. कारण ती गाडीसुद्धा कॉलेजच्या प्रोजेक्टमधूनच रस्त्यावर आली.

इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री विद्यापीठ. तिथे ट्रान्सपोर्ट डिझाइन शिकणाऱ्या निकी स्मार्ट या विद्यार्थ्याने एका हलक्या स्पोर्ट्स कारची कल्पना मांडली. नावही साधंच, 'लाइटवेट स्पोर्ट्स कार', म्हणजे एलएससी. तिथेच शिकवणाऱ्या सायमन साँडर्स यांनी हा प्रोजेक्ट पुढे नेला आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये बर्मिंगहॅमच्या मोटर शोमध्ये ही कॉन्सेप्ट कार लोकांसमोर आली. पुढे साँडर्स यांनी स्वतःची कंपनी काढली आणि २००० मध्ये हीच गाडी 'एरियल ॲटम' या नावाने विकायला सुरुवात झाली.

तिचा फोटो पहिल्यांदा पाहिलात तर वाटेल, गाडी अजून पूर्ण व्हायची आहे. छप्पर नाही, दारं नाहीत, बाजूचा पत्रा नाही. जाड वाकवलेल्या स्टीलच्या नळ्यांचा पिंजरा, त्यात दोन सीट, पाठीमागे इंजिन आणि चार चाकं. बस्स!

आता तुम्ही म्हणाल, 'हे तर सोपं आहे. काढून टाकलं की झालं.' इथेच आपण फसतो. घरात बुटांचं रिकामं खोकं असेल तर एक प्रयोग करा. झाकण लावून ते पिळून बघा, मग झाकण काढून पिळा. दुसऱ्यांदा ते लगेच वाकडं होतं. गाडीचंही तसंच असतं. छप्पर हा नुसता आडोसा नसतो, तो गाडीला ताठ ठेवतो. म्हणून नेहमीच्या गाडीचं छप्पर कापून ओपन-टॉप करायची, तर खाली आणि बाजूंना जादा मजबुती द्यावी लागते. परिणाम काय? छप्पर गेलं तरी वजन बहुतेक वेळा वाढतंच!

ॲटमने हा प्रश्न मुळातून सोडवला. बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंनी उंचावरून जाणाऱ्या नळ्या हाच तिचा सांगाडा आणि तेच तिचं रूप. झाकायला पत्रा नसल्यामुळे प्रत्येक वेल्डिंग डोळ्यांसमोर. सस्पेन्शनच्या दांड्याही उघड्या. म्हणजे जे इतर गाड्यांमध्ये लपवता येतं, ते इथे मजबूतही हवं आणि देखणंही. दोन सीटसुद्धा एकाच तुकड्यात साच्यातून काढलेल्या. एक वस्तू कमी केली की उरलेल्या वस्तूंवर दोन-दोन कामं पडतात. या गाडीचं खरं इंजिनीअरिंग इथेच आहे.

मिळालं काय? पहिल्या ॲटमचं वजन ५०० किलोच्या आत होतं. आपल्या रस्त्यावरची छोटी हॅचबॅकही साधारण त्याच्या पावणेदोनपट भरते. अकरावीच्या फिजिक्समधला न्यूटन आठवा. बल तेवढंच आणि वस्तुमान निम्मं, तर त्वरण दुप्पट. वजन कमी म्हणून ब्रेकवर ताण कमी, वळणावर टायरवर ताण कमी, मग तेही भाग हलके चालतात. एक किलो वाचवला की तो आणखी काही ग्रॅम वाचवून देतो.

फुकट मात्र काहीच मिळत नाही. पावसात भिजायचं, वाऱ्याचा मारा थेट तोंडावर घ्यायचा, सामान ठेवायला जागा जवळजवळ नाहीच. आपल्या जुलैतल्या पावसात ही गाडी घेऊन कॉलेजला निघालात, तर वर्गात पोहोचण्याआधी कपडे पिळावे लागतील. घरच्यांना घेऊन लग्नाला जायची गाडी ही नव्हेच. पण ती तसा दावाही करत नाही. ती कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही, हे आधी ठरलं; बाकीचं त्यातून आलं.

आपल्याकडे बाजा किंवा फॉर्म्युला स्टुडंटसाठी वर्कशॉपमध्ये रात्री जागवणाऱ्या टीमना हे वेगळं सांगायला नको. पाइप कापताना, वेल्डिंग करताना हाच हिशेब मांडावा लागतो. तिथले परीक्षक गाडी किती पळते एवढंच बघत नाहीत; ही नळी इथेच का, हीच जाडी का, असंही खोदून खोदून विचारतात.

तोच 'का' तुमच्या व्हायव्हातही येणार आहे. विकत आणलेल्या प्रोजेक्टकडे त्याचं उत्तर नसतं, कारण निर्णय दुसऱ्याने घेतलेले असतात. आणि सगळंच कोंबलेल्या प्रोजेक्टकडेही नसतं, कारण तिथे निर्णय घेतलेलेच नसतात. तेव्हा ब्लॅक बुक बाइंडिंगला टाकण्याआधी एक काम करा. आपल्या प्रोजेक्टमधून काय काय काढलंत आणि का काढलंत, याची एक पानभर यादी लिहा. पान कोरं राहिलं, तर अजून वेळ आहे. विषय तोच ठेवा, पण काम स्वतः सुरू करा. फार तर तुमचा प्रोजेक्ट छोटा दिसेल. कॉव्हेंट्रीचा तरी कुठे मोठा दिसत होता?