गोल्फची जमाबंदी

पुणे जिल्ह्यातील भोरहून रायरेश्वराच्या वाटेवर लागणाऱ्या आंबवडे या गावी नागेश्वराचे प्राचीन देवालय आहे, संस्थानकाळात बांधलेला झुलता पूल आहे, आणि कान्होजी जेधे व जिवा महाला यांच्या समाध्यांमुळे इतिहासप्रेमी मंडळींचे पायही तिकडे वळत असतात. गोल्फचे मैदान तेथे नाही. तथापि गोल्फच्या क्लबांमधून ज्या प्रश्नावर सुशिक्षित माणसे हिरिरीने भांडतात, त्याचे उत्तर आंबवड्याच्या कोणत्याही खातेदारास उपजतच ठाऊक असावे: ओढ्याकाठचे भातखाचर आणि डोंगरउतारावरील वरकस यांचे क्षेत्र मोजणीत तंतोतंत सारखे भरले, तरी दोहोंवर सारखाच आकार बसविणे हा अन्याय होय.

याच पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात १८३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी जमाबंदीची जी पद्धती घातली, तिने पुढे मुंबई इलाख्यास कित्ता घालून दिला. जमिनीची खोली व पोत पाहून तिचे नऊ वर्ग करावयाचे, सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत त्यांची प्रतवारी लावावयाची, आणि खडक, उतार, पाणथळ असे दोष आढळतील तसतसा वर्ग खाली आणावयाचा, हे तिचे मर्म होते. गोल्फमधील हँडिकॅपची आजची व्यवस्था वस्तुतः त्याच जातीची आहे, आणि ती ज्यांस कळत नाही ते बहुधा क्षेत्र पाहतात, प्रत पाहत नाहीत.

ज्या वाचकांनी येरवड्याचे किंवा चेंबूरचे मैदान रस्त्यावरूनच पाहिले असेल, त्यांच्यासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. प्रत्येक होलचा पहिला फटका ज्या जागेवरून मारतात ती टी. आणि एकाच होलला अशा तीन, चार, क्वचित पाच टी निरनिराळ्या अंतरांवर, निरनिराळ्या रंगांच्या खुणांनी दाखविलेल्या असतात. मागच्या टीवरून तोच होल लांबतो, मधला ओढा वा तळे ओलांडण्यास अधिक जोरकस फटका लागतो, आणि जो बंकर, म्हणजे वाळूचा खळगा, पुढच्या टीवरून खेळणाऱ्याच्या खिजगणतीत नसतो तोच नेमका चेंडूच्या वाटेत येतो. हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या कुवतीचा अंक: २०२० पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत तो अलीकडच्या वीस फेऱ्यांपैकी उत्कृष्ट आठांवरून काढतात, आणि त्याची कमाल मर्यादा ५४ आहे. परंतु हा अंक जसाच्या तसा कोणत्याही मैदानावर वापरता येत नाही. तो आधी त्या दिवशीच्या टीच्या प्रतवारीतून गाळून घ्यावा लागतो.

ही प्रतवारी दोन आकड्यांची असते. निष्णात खेळाडूस त्या टीवरून किती फटके लागावेत याचा अंदाज म्हणजे कोर्स रेटिंग. आणि निष्णातापेक्षा सामान्य खेळाडूस ती टी कितपत अधिक जाचते याचे माप म्हणजे स्लोप रेटिंग, जे ५५ ते १५५ यांमध्ये असून ज्याचा प्रमाणभूत आकडा ११३ धरलेला आहे. हँडिकॅपला स्लोपने गुणून ११३ ने भागावयाचे आणि रेटिंग व पार (म्हणजे मैदानासाठी ठरविलेली प्रमाण फटकेसंख्या) यांतील तफावत त्यात मिळवावयाची, एवढाच काय तो हिशेब.

समजा, पार ७२ च्या एका मैदानाच्या मागच्या टीचे रेटिंग ७३.१ व स्लोप १३१ आहे, आणि पुढच्या टीचे अनुक्रमे ६८.४ व ११८. अठरा हँडिकॅपच्या खेळाडूस मागून २२ फटक्यांची सूट मिळेल, पुढून १५. सहा हँडिकॅपच्या कसलेल्या खेळाडूस मागून ८ आणि पुढून ३. म्हणजे टी बदलताच सामान्याचा हिशेब सात फटक्यांनी हलतो, कसलेल्याचा पाचांनी. लांबी दोघांनाही सारखीच वाढली, परंतु तिचा भार दुबळ्यावर अधिक पडला; आणि ‘सर्वांनी एकाच टीवरून खेळावे, हीच खरी समता’ असे जे बजावून सांगण्यात येते, त्यातील फोलपणा या एका उदाहरणाने उघड व्हावा.

दुसरा आक्षेप असा की, पुढच्या टीवरून खेळणारा सवलतही घेतो आणि बक्षीसही पटकावतो. हा आक्षेप रेटिंगची तफावत हिशेबात न धरण्याच्या काळी रास्त ठरला असता. ब्रिटन व आयर्लंड येथे ती २०२४ पर्यंत दैनंदिन हिशेबात धरीतही नसत, आणि निरनिराळ्या टींवरून खेळणाऱ्यांसाठी वेगळी दुरुस्ती करावी लागे. आज पुढच्या टीवर जाणाऱ्याची सूट तेथल्या तेथे कापली जाते. लाभ होतो तो वेळेचा आणि आनंदाचा. अमेरिकेत २०११ मध्ये तेथील संस्थांनी खेळाडूंना पुढच्या टीवरून खेळण्याचे जाहीर आवाहन केले ते याच कारणास्तव. मागच्या टीला चिकटलेली इभ्रत ही हिशेबाची बाब नसून अहंकाराची आहे, आणि तिची किंमत मागून येणारे, खोळंबलेले खेळाडू मोजतात.

या इभ्रतीचेच दुसरे अपत्य म्हणजे पुढच्या टीस ‘लेडीज टी’ म्हणण्याचा प्रघात. टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान मिळविणाऱ्या अदिती अशोकच्या देशात क्लबातल्या सत्तरीच्या गृहस्थाने त्या टीवर जाण्यास लाजावे, हा विनोद आता पुरे झाला. एकाच टीचे पुरुषांसाठी व स्त्रियांसाठी स्वतंत्र रेटिंग काढता येते. तेव्हा टी निवडावी ती फटक्याच्या पल्ल्यावरून, वयाने किंवा लिंगाने नव्हे.

म्हणून महाराष्ट्रातील ज्या क्लबांनी अद्याप केले नसेल, त्यांनी प्रत्येक टीची स्त्री-पुरुष दोहोंसाठी प्रतवारी करवून घ्यावी, ती स्कोअरकार्डावर ठळक छापावी, टींना रंगाने किंवा क्रमांकाने ओळखावे, आणि स्पर्धेच्या फलकावर खेळाडूच्या नावासमोर त्याची टीही नोंदवावी. २०२४ च्या सुधारणेने अठरा होलच्या मैदानास रेटिंगसाठी लागणारी किमान लांबी ३,००० यार्डांवरून १,५०० वर आणली आहे. तेव्हा मोठी जमीन न अडविणाऱ्या लहान मैदानांनाही या दफ्तरात जागा मिळू शकते, आणि या खेळावरील श्रीमंतीचा शिक्का पुसण्याचा तो एक प्रामाणिक मार्ग आहे. इतके करूनही ज्यांस पुढच्या टीचा हा हिशेब अपमानास्पद वाटेल, त्यांनी मागच्या टीवरून हँडिकॅपाविना खेळण्याचे स्वातंत्र्य खुशाल उपभोगावे. मात्र त्या वेळी सूट मागू नये.